तबकडीखालचे यंत्र

चांगले टर्नटेबल म्हणजे काय, हे भोसरीच्या टूलरूममध्ये समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. एक उभा स्पिंडल, त्याच्या बुडाशी भार पेलणारा पोलादी छर्रा, भोवती ब्राँझचा बुश, वर तीन-चार किलोंची थाळी आणि ती मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांनी फिरवणारी मोटर. एक फेरी बरोबर १.८ सेकंदांत पुरी व्हायला हवी, थाळी डुलता कामा नये आणि फिरताना कशाचाही आवाज होता कामा नये. इथपर्यंत टर्नर मान डोलावतो. पंप, गिअरबॉक्स, मशीनची स्पिंडले यांत उभे आयुष्य गेलेल्या माणसाला यात अवघड काय वाटणार? अवघड आहे ती शेवटची अट. मूव्हिंग कॉइल जातीची कार्ट्रिज सुईच्या हालचालीतून जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट काढते, आणि खोलीत ऐकू येण्याआधी तो संकेत हजारो पटींनी वाढवावा लागतो. गाण्यातल्या सर्वांत हळुवार जागी सुई खाचेत एका मायक्रॉनपेक्षाही कमी हलत असते. बेअरिंग तेवढेच हलले, तर त्यातले गाणे कोणते आणि बेअरिंग कोणते हे ॲम्प्लिफायरला कळत नाही. तो दोन्ही वाढवतो.

हे पुस्तक अशा यंत्रांविषयी आहे. गॅरार्ड ३०१ आणि ४०१, थोरेन्स टीडी १२४, लिन सोन्डेक एलपी १२, टेक्निक्स एसपी १० ही त्यांतली ठळक नावे. त्या काळी महाग असलेली, आज जुनी झालेली, आणि तरीही नीट केली तर नव्या यंत्रांच्या तोडीस तोड चालणारी. अशी वस्तू घरात असली, किंवा नव्याने आणली, तर ती कशी सांभाळावी, तिच्यात काय बदलावे आणि कशाला हात लावू नये, एवढाच विषय. तो मी पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात बसून लिहिला आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. उलट माझे सगळे म्हणणेच त्यावर उभे आहे. हायफायच्या शौकाला आपण संगीताचा किंवा पैशाचा शौक समजतो. तबकडीखालचे यंत्र मात्र वर्कशॉपचे अपत्य आहे, आणि त्याची खरी देखभाल वर्कशॉपलाच समजते.

इतिहास बघा. गॅरार्ड ही मूळची ब्रिटिश राजघराण्याच्या लंडनमधल्या जवाहिऱ्यांनी १९१५ साली काढलेली इंजिनिअरिंग कंपनी. पहिल्या महायुद्धात ती तोफखान्यासाठी अंतरमापक यंत्रे बनवत होती. शांतता झाल्यावर तेच हात ग्रामोफोनच्या मोटरींकडे वळले आणि पन्नाशीच्या दशकात स्विंडनच्या कारखान्यातून ३०१ बाहेर पडले. एसएमई हे आज जगातल्या नावाजलेल्या टोनआर्मचे नाव. १९४६ साली ती कंपनी निघाली ती छोट्या प्रतिकृतींचे सुटे भाग बनवायला. मालकाला स्वतःच्या घरी चांगला आर्म हवा होता, म्हणून त्याने बनवला; १९५९ पासून तो विक्रीला आला. लिनचा जन्म ग्लासगोतला. आयव्हर टीफेनब्रन यांच्या वडिलांचा प्रिसिजन इंजिनिअरिंगचा कारखाना होता, त्यातल्या यंत्रांवर सोन्डेक घडला. म्हणजे सगळीकडे गोष्ट एकच: आधी लेथ, मग संगीत.

लेथ आपल्याकडे आहेत. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली, पण या भागाचा हात तयार झाला तो साठच्या दशकात. चिंचवडला बेअरिंगे बनू लागली, आकुर्डीला स्कूटर, आणि टेल्कोने १९६६ च्या सुमारास इथे पाय रोवले तेव्हा सुमंत मुळगावकरांनी गाड्यांच्या आधी मशीन टूल आणि शिकाऊ मुलांचे प्रशिक्षण यांना हात घातला. त्या शाळेतून निघालेल्या पोरांनी पुढे भोसरी एमआयडीसीत एकेक गाळा घेऊन जॉबवर्क सुरू केले. पुढे चाकण वाढले, जर्मन गाड्यांचे कारखाने आले आणि मायक्रॉनची भाषा सीएमएम या मोजमाप यंत्राच्या पडद्यावर गेली. ज्या गावात इंजेक्टरचे भाग लॅप करणारा माणूस चहाच्या टपरीवर भेटतो, तिथल्या माणसाने टर्नटेबलचा बुश झिजला म्हणून परदेशी मेल पाठवून तीन महिने वाट बघावी, हे मला चमत्कारिक वाटते.

आणखी एक धागा फारसा कोणाला ठाऊक नसतो. गहुंजेचे क्रिकेट मैदान उभे राहिले तेव्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष असलेले अजय शिर्के हे या शौकातले जुने खेळाडू. त्यांच्या कॅडन्स या पुण्याच्या कंपनीने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आणि व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर बनवून परदेशात विकले. त्याच समूहाने २०१६ साली एसएमई विकत घेतली आणि २०१८ मध्ये गॅरार्डचे नावही. आज जुनी ३०१ यंत्रे इंग्लंडात एसएमईच्या छताखाली नव्याने बांधली जातात, आणि त्यामागची मालकी पुणेकराची आहे. एसएमईने २०१९ च्या अखेरीस आपले आर्म सुटे विकणे बंद केले. तेव्हापासून कुणाच्या माळ्यावर पडलेला त्यांचा ३००९ किंवा ३०१२ आर्म एकदम मौल्यवान झाला. असा आर्म हाती आला तर त्याची वायर बदलण्याआधी दहा वेळा विचार करा.

आता मुख्य मुद्द्याकडे. अपग्रेड या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर खोके येते: नवी कार्ट्रिज, नवा आर्म, जाड केबल. जुन्या डेकच्या, म्हणजे टर्नटेबलच्या, बाबतीत निम्म्याहून जास्त अपग्रेड म्हणजे यंत्र मूळ ड्रॉइंगवर परत आणणे. साठ वर्षांत तेलाचा गोंद झालेला असतो, रबर कडक झालेले असते, छऱ्याखालच्या थ्रस्ट प्लेटवर खळी पडलेली असते. ही खळी बोटाला लागत नाही. टूलमेकर्स मायक्रोस्कोपखाली मात्र बशीसारखी दिसते. ती घासून सपाट केली, छर्रा बदलला, बुश साफ करून योग्य तेल भरले, की अनेक डेक असे गप्प होतात की मालकाला कार्ट्रिजच बदलल्याचा भास व्हावा.

बेअरिंगची एक चाचणी इथेच सांगून टाकतो, कारण तिच्यासाठी काहीच विकत घ्यावे लागत नाही. लिनसारख्या बंद बुडाच्या बेअरिंगमध्ये स्पिंडल स्वच्छ पुसायचा, बुशात ताजे तेल घालायचे आणि स्पिंडल वरून नुसता सोडायचा. फिट शाबूत असेल तर तो धप्पकन पडत नाही. खाली अडकलेली हवा आणि तेल स्पिंडलच्या कडेने वाट काढत राहतात, बुशाच्या तोंडाशी तेलाची बारीक वळी उमटते, आणि स्पिंडल अगदी सावकाश, जणू स्वतःच्या मर्जीने, खाली बसतो. वर ओढू लागलो की खालून कोणी धरून ठेवल्यासारखा अडतो आणि शेवटी ‘पक्’ करून सुटतो. तो सरळ खाली गेला, ओढताना काहीच अडले नाही, तर बुश मोठा झाला आहे, एवढे समजावे. मग डायल लावून खेळ मोजावा. इथे आमच्या शॉपफ्लोअरच्या सवयी घात करतात. चांगला टर्नर बुश घट्ट करतो, कारण घट्ट म्हणजे अचूक हे त्याच्या हाडात भिनलेले असते. पण या बेअरिंगमध्ये धातू धातूला भिडायचाच नसतो. मध्ये तेलाचा पापुद्रा टिकला पाहिजे. त्याला मिळायला हवी ती जागा किती, हे मूळ यंत्र मोजून ठरवावे, अंदाजाने नव्हे. आणि काढलेला जुना बुश फेकू नये. तो चुकीचा असला तरी पुरावा असतो.

जडपणाचा मोहही असाच. इथे कुणालाही सांगा, आठ किलोंची ॲल्युमिनियमची थाळी टर्न करून, बॅलन्स करून चकचकीत आणून देतील. दिसायला झकास. पण मूळ स्पिंडल आणि छर्रा तीन किलोंसाठी बनलेले असतात, मोटरही तेवढ्यासाठीच. भार दुप्पट-अडीचपट केला की थ्रस्ट प्लेट लवकर जाते, मोटरीला गती घ्यायला वेळ लागतो आणि सुरुवातीला बेल्ट घसरतो. थोरेन्स १२४ ची थाळी मुळातच साडेचार किलोंची, ओतीव लोखंडाची. तिथे गंमत वेगळी आहे: डेनॉन डीएल १०३ सारख्या कार्ट्रिजमधल्या लोहचुंबकाला ते लोखंड खाली ओढते आणि सुईचा भार तुम्ही लावलेल्यापेक्षा वाढतो. दोन्ही वस्तू उत्तम, पण एकत्र नांदत नाहीत. असे जोडे जमवताना भाव न बघता वजन आणि धातू बघावेत.

आयडलर, म्हणजे मोटरची पुली आणि थाळीची आतली कड यांच्यामध्ये दाबून फिरणारे रबरी चाक, ही गॅरार्डची जान. गॅरार्डमध्ये ते चाक बंद करताना आपोआप सुटे होते. पण खटका मध्येच अडकून राहिला तर पुली चाकावर खड्डा पाडते आणि मग प्रत्येक फेरीला टक, टक. रबर कडक झाले तर मोटरची थरथर थेट थाळीत जाते. याला बाजारात नवी चाके मिळतात, पण आपल्याकडे छपाईचे रोलर पुन्हा रबर चढवून घासून देणारे लोक आहेत, आणि मधल्या धातूवर नवे रबर चढवून सिलिंड्रिकल ग्राइंडरवर साफ करणे त्यांच्यासाठी रोजचे काम आहे. फक्त किती मऊ हवे हे तुम्ही सांगायचे, आणि घासताना चाक स्वतःच्या बुशावर फिरेल असेच धरायला लावायचे. नाहीतर गोलाई मध्याशी जुळत नाही.

विजेची गोष्ट थोडी लांबवतो, कारण तिच्यात आपला स्वतःचा इतिहास आहे. जुन्या डेकच्या बऱ्याच मोटरी सिंक्रोनस असतात. त्यांचा वेग व्होल्टेजवर नाही, तर फ्रिक्वेन्सीवर ठरतो. ब्रिटिश डेक आपल्याकडे बिनतक्रार चालतात, कारण दोन्हीकडे ५० हर्ट्झ. अमेरिकेतून आणलेला ६० हर्ट्झचा डेक इथे लावला तर तो सहातला एक भाग हळू फिरतो आणि गाणारा अंगात ताप असल्यासारखा गातो. पण आपले ५० हर्ट्झ तरी ५० कुठे होते? नव्वदच्या दशकात मागणी वाढली की ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४८.५ पर्यंत खाली येई. म्हणजे तबकडी तीन टक्के हळू, म्हणजे सूर जवळजवळ अर्ध्या सेमीटोनने उतरलेला. काळी एकमध्ये गाणाऱ्याची तबकडी पेटीशी जुळेना, हा अनुभव त्या काळच्या ऐकणाऱ्यांना अपरिचित नव्हता. गॅरार्ड ३०१ मध्ये थाळीचा वेग किंचित ओढून आणायला चुंबकाचा ब्रेक असतो, त्यामुळे त्याचे मालक थोडेफार सावरून घेत. लिनने १९८२ साली वल्हाला नावाची सर्किटची पाटी आणली. ती क्वार्ट्झच्या जिवावर स्वतःच ५० हर्ट्झ तयार करते, ग्रिड काहीही करो. युरोपात ती आवाजाच्या नितळपणासाठी विकली गेली. आपल्याकडे तिचे काम त्याआधीच सुरू होत असे.

२००२-०३ नंतर वीज दराची पद्धत बदलली आणि ग्रिड बरीच ताळ्यावर आली. त्यामुळे केवळ वेगासाठी महागडा पॉवर सप्लाय घ्यायची गरज आज उरलेली नाही, असे माझे मत. मोटरची थरथर कमी होते हा फायदा खरा, पण तो बेअरिंगनंतरचा. मात्र एक गोष्ट टाळाच: गुरुवारी एमआयडीसीत वीज गेली की घरचा स्वस्त इन्व्हर्टर त्या मोटरला जोडू नका. चौकोनी लाटेवर ती मोटर गुरगुरते आणि तापते. वेग तपासायला जुना उपाय पुरतो. थाळीच्या कडेला किंवा चकतीवर १८० रेघा असतील, तर ५० हर्ट्झच्या निऑन दिव्यात ३३ १/३ वर त्या जागच्या जागी उभ्या राहतात; ६० हर्ट्झसाठी २१६ लागतात. बऱ्याच एलईडी बल्बखाली हे चालत नाही, त्यांचा उजेड तसा लुकलुकत नाही. म्हणून एक निऑनचा दिवा जपून ठेवा.

कार्ट्रिज आणि सुई यांविषयी पुस्तकात दोन लांब प्रकरणे आहेत, इथे थोडकेच. एलपीच्या एका बाजूवर बावीस मिनिटांत सव्वासातशे-साडेसातशे फेऱ्या होतात आणि सुई पावणेपाचशे मीटर खाच कापते. बाहेरच्या कडेला सेकंदाला पन्नास सेंटिमीटरच्या वेगाने, आत पोचेपर्यंत वीसच्या आसपास. हिऱ्याची सुई साधारण हजार तास टिकते. रोज एक एलपी ऐकणाऱ्याला साडेतीन-चार वर्षे. त्यानंतर ती गाणे वाचत नाही, खरवडते. म्हणून खर्चाचा पहिला रुपया झिजलेल्या सुईवर घालावा, मग बेअरिंग, आयडलर किंवा बेल्ट, मग आर्मची ठेवण, आणि या सगळ्यानंतर वरच्या दर्जाची कार्ट्रिज. केबलचा क्रम सगळ्यांत शेवटी, आणि तिथेही मी हात आखडता घेईन.

लिनची मिसाल अपग्रेडच्या चर्चेत वारंवार येते आणि ती यावीच. १९७३ चा डेक घेऊन त्यात १९९३ चे सिर्कस बेअरिंग, २००९ ची रॅडिकल मोटर, २०२० चे कॅरोसेल बेअरिंग बसवता येते. पन्नास वर्षे एकाच चौकटीशी इमान राखणारी कंपनी क्वचितच दिसते. या इमानाची किंमत मात्र तुम्ही हप्त्याहप्त्याने मोजता. सगळे भाग बदलून झाले की एकूण खर्च आणि नव्या डेकची किंमत यांत फारसे अंतर राहत नाही. मूळ वल्हालावर, नीट बांधलेल्या स्प्रिंगांवर, चांगल्या बेअरिंगवर चालणारा ऐंशीच्या दशकातला एलपी १२ मला पुष्कळ वाटतो. त्याच्या स्प्रिंगा मात्र खाली तीन नट फिरवून अशा बसवाव्या लागतात की थाळी दाबून सोडली तर ती सरळ वर-खाली झुलेल, भोवऱ्यासारखी डुलणार नाही. यात तास जातात. गेलेच पाहिजेत.

घराचाही प्रश्न आहे. निगडी-प्राधिकरणातल्या जुन्या विटांच्या बंगल्यात भिंतीला ब्रॅकेट ठोकला की डेकचे पायांच्या धक्क्यांपासून रक्षण होते. मोशी, रावेत, वाकडच्या नव्या मनोऱ्यांत भिंती मायव्हन पद्धतीच्या काँक्रीटच्या असतात. ड्रिल जाताना घाम फुटतो, पण एकदा बसलेला ब्रॅकेट हलत नाही. हलक्या ब्लॉकच्या भिंतीला मात्र साधा अँकर पकड देत नाही, आरपार बोल्ट घ्यावा लागतो. चाकण-तळेगाव रस्त्यालगत राहणाऱ्यांनी स्प्रिंगचा डेक घेण्याआधी एक संध्याकाळ पाण्याने भरलेले पातेले टेबलावर ठेवून त्यातल्या लाटा बघाव्यात.

इतका खटाटोप कशासाठी, हा प्रश्न घरातून येतोच. आपल्या संगीताला तो इतर कोणत्याही संगीतापेक्षा जास्त लागतो, असे माझे ठाम मत आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदात वेगाचा बारीक हेलकावा गर्दीत लपतो. तानपुऱ्यात लपत नाही. किशोरी आमोणकरांच्या भूप आणि बागेश्रीच्या एलपीवर विलंबित चालू असताना मागचा षड्ज अर्ध्या टक्क्याने जरी डुलला, तरी कान तो पकडतो, आणि मग मींड गळ्यातली की मोटरमधली, हेच कळेनासे होते. तरीही एक मर्यादा मान्य करावी लागते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मिळणाऱ्या कितीतरी तबकड्यांचे मधले भोकच मध्यावर नसते. अर्धा मिलिमीटर सरकलेले भोक, सुई बाजूच्या अर्ध्यावर आली की, सूर अर्धा टक्का वर आणि अर्धा टक्का खाली नेते, दर १.८ सेकंदांनी. नाकामिचीने ऐंशीच्या दशकात तबकडी स्वतःच मध्यावर आणणारे टर्नटेबल काढले होते. ते फारच थोड्यांना परवडले. बाकीच्यांनी भोक किंचित मोठे करून तबकडी हाताने मध्यावर सरकवायची असते. हे काम रीमरने कसे करावे तेही पुढे दिले आहे, पण ज्या तबकडीची दुसरी प्रत मिळण्यासारखी नाही, तिच्यावर करू नका.

हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्याची गरज नाही. ज्याच्याकडे गॅरार्ड आहे त्याने थोरेन्सचे प्रकरण सोडले तरी चालेल. पण बेअरिंगचे प्रकरण वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नका, उघडण्याआधी प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, आणि काढलेला प्रत्येक स्क्रू, वॉशर आणि बुश नाव लिहून डब्यात ठेवा. उद्या तो डेक ज्याच्याकडे जाईल, त्याला त्या डब्याची गरज पडणार आहे.